वाढीव नऊ मिनिटं

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, तू होय! मग बोल ना. नुसते श्वास काय टाकतेस फोनमध्ये?"

शिंप्याने अजून दिवासुद्धा लावला नव्हता. मैदानातून तो तडक घरी आला होता आणि पायांतल्या चपलांसकट कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिला होता. समोर दोरीवर अंतिम सामन्यासाठी शिवलेल्या सोळा कोऱ्या जर्सी टांगलेल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं संघाचे कपडे तोच शिवत होता आणि तितकीच वर्षं पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसून घसा फोडत होता. आज जिंकलं की अंतिम फेरी नक्की होती. एक गोल पुढे असूनही अगदी शेवटी बरोबरी झाली आणि हातातोंडाशी आलेलं गेलं.

त्यात आज सामन्याची रेफ्री होती त्याची स्वतःची मुलगी. नेमलेला रेफ्री सकाळीच तापाने फणफणला, तेव्हा हिला बोलावणं आलं. क्लबच्या सेक्रेटरीने शिंप्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, की आपलीच पोर आहे, आमची कसली हरकत!

"नाही गं, रागावलेलो नाही… बरं, रागावलोय म्हण. नऊ मिनिटं वाढवलीस? नऊ? तेवढ्यात माझा एक शर्ट कापून होतो!… हो, हो… अगं ऐक ना, आधी माझं ऐक. आपल्या कॅप्टनला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलंस. पण तो फाऊल होता का? आधी चेंडूला लागला होता त्याचा पाय!… मी बघितलं ना या डोळ्यांनी… कुठून म्हणजे? माझ्या जागेवरून… हो, आहे लांब. मग काय झालं?… आधीचे? आधीचे चार सोड ना. खेळ आहे तो, भरतकाम नाही. अंगाला अंग लागायचंच…"

तो आणखी बरंच बोलला असता. घरी येताना वाटेत त्याने सगळं मनातल्या मनात जुळवून ठेवलं होतं. पण फोनमधून एक दणका ऐकू आला, मग लागोपाठ दोन.

"हे काय वाजतंय?… दार? कुठलं दार?… तू अजून मैदानावरच आहेस?… रेफ्रींच्या खोलीत. बरं. आत कोण कोण आहात?… दोघंच? आणि तो दुसरा लाईनमन, तो तरणाताठा?… पळाला! शाब्बास… मग हा म्हातारा आहे तुझ्याबरोबर. त्याला काय झालं?… बाटली? कपाळावर?… रक्त थांबलंय का?… टॉवेल दाबून धर, सोडू नकोस. आणि कडी?… आतून लावलीस. टेबल ओढ दाराला… ओढलंस. गुणाची माझी. पोलिसांना फोन?… केलास. काय म्हणाले?… निघालोय म्हणजे कुठून निघालेत?"

बोलता बोलता त्याचा जिना उतरूनही झाला होता. दाराला कुलूप लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. मैदान चालत बारा मिनिटांवर, आणि त्याचे गुडघे आता बारा मिनिटांत पोचणारे राहिले नव्हते.

"निघालो मी. नाही, मला नको थांबवूस. आणि फोन ठेवायचा नाही, कळलं? बोलत राहा… काहीही बोल. बाहेर किती जण आहेत?… तीस-चाळीस. ओळखीचे असतील सगळे. माझ्याच स्टँडमधले… सेक्रेटरी आहे तिथे? मग झालं तर! तो सज्जन माणूस आहे. त्याला म्हणावं, यांना जरा पांगवा… पांगवतो म्हणतो? मग?… काय लिहून दे?"

लॉंड्रीच्या बंद दुकानापाशी शिंपी थबकला.

"घड्याळ बंद पडलं होतं, असं?… म्हणजे वेळ चुकून जास्त धरली गेली… हं… म्हणजे मग निकाल रद्द… आणि सामना पुन्हा. हं."

सामना पुन्हा. हे दोन शब्द त्याच्या डोक्यात असे पेटले की क्षणभर दारावरचे दणके त्याला ऐकूच आले नाहीत. पुन्हा सामना, पुन्हा संधी. मग दणके ऐकू आले. हाव आणि भीती दोन्ही एकाच बाजूला ओढत होत्या.

"मग… लिहून टाक ना, बाळा… अगं ऐक, ऐक तर. एक ओळ तर आहे. बंद पडतात घड्याळं. लोक घरी जातील, म्हाताऱ्याला टाके पडतील, तू सुटशील… हॅलो?… हॅलो? आहेस ना?… अगं, बोल काहीतरी."

खोलीत कोणीतरी कण्हत होतं, आणि बाहेर तिच्या नावाने आरोळ्या चालल्या होत्या, त्याही फोनमधून जशाच्या तशा येत होत्या. त्या गर्दीत एक घोगरा आवाज शिंप्याच्या ओळखीचा होता. दुपारभर तो त्याच्या शेजारीच ओरडत होता.

"नाही… तसं नव्हतं म्हणायचं मला… होतं. तसंच होतं. चुकलो गं… चुकलो म्हटलं ना. नको लिहूस."

तो पुन्हा चालू लागला, आता जवळजवळ पळतच.

"बरं, मला एक सांग. ते नऊ आले कसे?… एकेक करून सांग. मला पटले तर कोणालाही पटतील… गोलकीपर पोटरी धरून पडला. दोन मिनिटं. बरोबर. मीच तेव्हा शेजारच्या कंडक्टरला म्हटलं, बघ रे, दुखते पोटरी आणि चोळतोय मांडी!… हो, हसलो आम्ही. पुढे… बदली खेळाडू तीन वेळा, अर्धं-अर्धं मिनिट. दीड. आपला अकरा नंबर तर पाहुण्यांचा निरोप घेतल्यासारखा सगळ्यांना हात मिळवत निघाला होता, माहितेय… साडेतीन. त्यांच्या सात नंबरचं डोकं फुटलं, त्याची दोन. साडेपाच… लाल कार्ड मिळूनही कॅप्टन मैदान सोडेना… दोन मिनिटं दहा सेकंद? घड्याळ लावून मोजलंस? बरं. सात मिनिटं चाळीस. आणि?… चेंडू? कुठला चेंडू?"

तो नाल्यावरच्या छोट्या पुलावर होता. कठड्याला धरून तो उभा राहिला. दम लागला होता, पण त्यासाठी नव्हे.

"स्टँडमध्ये आलेला… हो. एक मिनिट वीस सेकंद परत आला नाही… कोणी धरून ठेवला, ते दिसलं का तुला?… नाही दिसलं."

एक सायकलवाला घंटी वाजवत शेजारून गेला. शिंप्याने घसा खाकरला.

"बाळा, माझ्याकडे होता तो… चेंडू गं. माझ्या पिशवीत. पिशवीत घातला आणि वर पाय ठेवून बसलो… का म्हणजे? एक गोल पुढे होतो, वाटलं तेवढाच वेळ खाऊ. दुसऱ्या चेंडूतली हवा गेलीय, हे मला ठाऊक होतं… सगळे हसत होते. मीही… हो. तू हात पसरून उभी होतीस स्टँडसमोर, चेंडू मागत. दिसत होतीस मला. अगदी स्पष्ट."

मग त्याने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्याला जवळजवळ माहीत होतं.

"त्यांचा गोल कधी झाला? वाढीव वेळेत, कितव्या मिनिटाला?… आठ चाळीस."

कापड बेतायची सवय असलेल्या माणसाला हे गणित करायला वेळ लागला नाही. त्याने चेंडू लगेच फेकला असता, तर शिट्टी सात मिनिटं चाळीस सेकंदांनी वाजली असती. गोल त्याच्यानंतर एका मिनिटाने झाला. त्या एका मिनिटात तो स्वतः उठून उभा राहिला होता आणि रेफ्रीच्या नावाने बोंबलत होता.

"काही नाही… नाही, काही नाही झालं, चालतोय… आणि ऐक, कॅप्टनचे फाऊल मीही मोजले होते. पाचच होते. साठाव्या मिनिटाला मीच म्हटलं होतं, याला कोणीतरी आवरा, नाहीतर जाईल बाहेर. तू बोटाने दाखवलंस त्याला, इथे केलास, तिथे केलास, आता बस… ते सगळ्या स्टँडने बघितलं. पाचव्या वेळी चेंडू निघून गेल्यावर लागला त्याचा पाय… उशिरा लागला. होता फाऊल. माझं मघाचं सोड… आता फाटक दिसतंय. फोन खिशात ठेवतोय, बंद करत नाही. ऐकत राहा. काही झालं तरी कडी काढायची नाही."

फाटकातून आत, खोलीपुढच्या ओट्याखाली ती माणसं उभी होती. बेकरीवाला होता, दोन रिक्षावाले होते, शाळेचा शिपाई होता, आणि सगळ्यांच्या पुढे कंडक्टर, बावीस वर्षं शिंप्याच्या शेजारच्या जागेवर बसणारा. त्याच्या हातात अर्धी वीट होती. ओट्यावर सेक्रेटरी हाताची घडी घालून उभा होता. घड्याळ बंद पडल्याचं लिहून घ्यायचा कागद त्याच्या बगलेत होता.

"सरका… सरका जरा. मी आहे, शिंपी… हो, तिचाच बाप. मग?… काय म्हणालास? पुन्हा म्हण… नको, राहू दे, तुझी आई मला भाऊ म्हणते. कंडक्टर, तूसुद्धा?… आधी ती वीट खाली ठेव… वीट खाली ठेव, मग बोल… ऐका! सगळे ऐका! नऊ मिनिटं कुठून आणली विचारताय ना? त्यातलं सव्वा मिनिट माझं आहे! माझं!… वेडा नाही झालो. चेंडू कोणाच्या पिशवीत होता? सांग ना यांना, कंडक्टर! तू तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास… तेवढ्यात गोल झाला. त्याच सव्वा मिनिटात. मोजा ना, मोजा घरी जाऊन!… अंतिम सामना मी घालवला. मारायचंय ना? मग मला मारा, मी बाहेर आहे."

मागून कोणीतरी त्याची कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटून उडालं. दुसऱ्याने पाठीत एक ठोसा घातला, तो ओट्याच्या कठड्यावर आपटला आणि उभा राहिला. पुढचा ठोसा मात्र आला नाही. कंडक्टर मध्ये आला होता. त्याने वीट कठड्यावर ठेवली, काचेची असावी तशी, आणि शिंप्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागला. त्याच्या मागे शाळेचा शिपाई गेला, मग आणखी काही. रिक्षावाले शिव्या देत राहिले. बेकरीवाला जाता जाता थुंकला. दहा-बारा जण हलले नाहीत, पण दारही कोणी वाजवलं नाही.

"सेक्रेटरीसाहेब, बाजूला व्हा… घड्याळ चालू होतं. मी विचारून घेतलंय… आपली पोर म्हणालात सकाळी. मग आपल्या पोरीला अशी कोंडतात?… कामाचं म्हणताय? दुसरा शिंपी बघा. मापं लिहून देईन मी त्याला."

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटला आणि ओट्यावरून उतरला. शिंप्याने खिशातून फोन काढला.

"हॅलो?… ऐकलंस?… सगळं?… लागलं नाही मला. बटण तुटलं, तेवढं शिवता येतं. मी दाराशीच आहे… नाही, उघडू नकोस अजून. आधी सामन्याचा अहवाल पुरा कर. आता, इथेच. उद्यावर टाकलंस तर तुला कोणी ना कोणी गाठेल… मिनिटं लिहिलीस? फाऊल? बाटली कुठल्या बाजूने आली, तेही लिही… मग अडलंय कुठे?… चेंडू. अडवणाऱ्या प्रेक्षकाचं नाव."

दाराच्या त्या बाजूला पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. तो त्याला फोनमधूनही आला आणि दारातूनही.

"माहीत असेल तर लिहावंच लागतं?… आणि आता तुला माहीत आहे. हं… काय करतात त्याला?… पुढचा सबंध मोसम? मैदानात पायसुद्धा ठेवायचा नाही?"

त्याने वळून पाहिलं. अंधारत चाललं होतं. माळी गोलाची जाळी सोडवत होता. पूर्वेकडचा स्टँड रिकामा होता, आणि पायरीवर वर्तमानपत्राचे कागद उडत होते. तिथून या टोकाचं काय काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठीत आता ठणका सुरू झाला होता. त्याने दाराला तळहात टेकवला.

"लिही… अगं, लिही म्हणतोय ना मी… बाप म्हणून नाही, दोषी म्हणून लिही… रडू नकोस, शाई पसरेल कागदावर… नुसतं शिंपी नको, पूर्ण नाव लिही… हो, पत्ताही… झालं? सही केलीस? खाली वेळ घाल… पोलिसांची गाडी शिरतेय बघ फाटकातून, दिवा दिसतोय. म्हाताऱ्याला उठव हळूच, माझ्या खांद्यावर दे त्याला. टेबल सरकव… सरकवलंस? ठेवतो मग फोन. कडी काढ."