दोनदा फिरणारी किल्ली

हां, तिथंच लिहा, खालच्या मोकळ्या ओळीत. नाव, गल्ली, घर नंबर, सगळं. आणि खरं लिहा बरं का, नाहीतर उद्या कुलूप बसवायला मी भलत्याच घरात जाऊन पडायचा. हसू नका, झालंय तसं एकदा. मला वाचता येत नाही हो. अक्षराशी माझी कधी गाठच पडली नाही. पण ज्या म्हाताऱ्यानं मला हे काम शिकवलं, त्यानं एक शिस्त घालून दिली — गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं पत्ता लिहिल्याशिवाय त्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. मग किल्लीवाला वाचो न वाचो. झालं लिहून? द्या ती वही इकडे. बसा त्या स्टुलावर. एक पाय आखूड आहे त्याचा, जरा डावीकडे कलून बसा.

आता बघू. वजनदार आहे हो. दारात बसवायचं कुलूप, दोन्हीकडून किल्ली लागणारं. आता कोण बनवतं असलं? किल्ली अर्धी आतच मोडलीय — किती वर्षं म्हणालात? बारा-तेरा? आणि इतकी वर्षं माळ्यावर पडून होतं. मग आत्ताच कशी आठवण झाली याची? हां — घरात मूल आलंय. किती वर्षांचं? सहा. मुलगी. बालकल्याणच्या ऑफिसातून सांभाळायला दिलेली — असं होय! अहो, मग आपण एकाच वाटेवरचे की! आमच्याकडेही तशीच आली होती. नाही, आमच्या पोटी काही नव्हतं. म्हातारी आणि मी, दोघंच. ऑफिसातल्या बाईंनी एक दिवस तिला आणून दारात उभी केली, हातात एक पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक. सात वर्षांची होती. आम्ही तिला खारूताई म्हणायचो. का, तर जे सापडेल ते लपवायची — बटणं, खिळे, खडूचे तुकडे, भाकरीचा कोर. म्हातारी गादी झटकायला गेली की अर्धं दुकान खाली सांडायचं.

थांबा, हा वरचा स्क्रू हटून बसलाय. तेल सोडतो जरा. घाई आहे का तुम्हाला? ह्या कामात घाई चालत नाही. कुलूप रुसलं तर त्याच्याशी गोडीनंच बोलावं लागतं.

तर काय सांगत होतो — तिचं आम्हाला आधी काही कळेना. रडायची नाही, मागायची नाही, सांगितलं तिथं बसायची. आम्ही म्हणायचो, काय गुणी पोर मिळालं! आणि चौथ्या दिवशी म्हातारीला बाजारात जायचं होतं, मीही दुकानाला निघालो, म्हटलं शेजारीण बघेल घटकाभर. तर ही पोर उठली, आपली आपण आतल्या खोलीत गेली, भिंतीला टेकून बसली, आणि म्हणते काय — "बाबा, आता बाहेरून लावा." म्हटलं, काय लावू? म्हणाली, "किल्ली. दोनदा फिरवायची असते." म्हातारीनं हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली. त्या दिवशी कोणी बाजारात गेलं नाही.

मग मी काय केलं माहितीये? घरातल्या सगळ्या कड्या, बोल्ट, कुलपं काढून टाकली. सगळी! किल्लीवाल्याच्या घराला कुलूप नाही — गल्लीभर हसायचे लोक. मोरीच्या दाराची कडीसुद्धा काढली. म्हातारी अंघोळीला गेली की मोठ्यानं गात राहायची, कोणी आत येऊ नये म्हणून. आणि आवाज असा, की कडीपेक्षा तोच बरा! पोर पहिल्यांदा हसली ती त्या गाण्याला. म्हणून म्हणतो, ऐका माझं — लहान मूल आहे घरात, तर दाराला हे असलं लावू नका. पळून जाते म्हणता? जाऊ दे की चार पावलं. परत येतात. आत कोणी कोंडणारं नसलं की परत येतात.

निघाला बघा स्क्रू. आता झाकण — हं. आत केवढी घाण. ही मोडकी किल्ली राहू दे, ती मागाहून. आधी आतले पत्रे मोकळे — हे काय? काहीतरी ठासलंय आत. दगड? नाही. चिमटा कुठं ठेवला मी... हां. पाटीवरची पेन्सिल. पेन्सिलीचा तुकडा आहे हो. अजून एक. पोराबाळांचे उद्योग —

पोराबाळांचे.

नाही, काही नाही. डोळ्याला पाणी येतं मधूनच, वय झालं. एक विचारू का? हे कुलूप ज्या दाराचं होतं — ती खोली जिन्याखाली होती का हो? नाही, असंच. आपलं उगाच. जिन्याखाली. हं. पुढच्या कोपऱ्यात उतरतं छप्पर, मोठ्या माणसाला वाकून जावं लागतं, असं. बरोबर? लहान मुलाला मात्र उभं राहता येतं.

बसा. उठू नका. काम होऊ द्या.

हा फडका पसरतो. एक. दोन. खारूताई सांगायची — नाही, लगेच नाही सांगितलं तिनं, वर्ष गेलं मध्ये. एकदा इथंच, ह्या दुकानात, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसून सांगितलं. तीन. म्हणाली, आधीच्या घरी काका मारायचे नाहीत. कधीच नाही. आवाज मऊ होता त्यांचा. फक्त किल्ली फिरवायचे. दोनदा. चार. तर हिनं काय केलं, किल्ली आत जाऊच नये म्हणून आतल्या बाजूनं भोकात पेन्सिल कोंबली. एवढीशी अक्कल! दार आधीच लावलेलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही. पाच. मग काकांनी किल्ली घातली, जोर लावला, ती मोडली. आणि पोर आत. एक दिवस, आणि दुसरा अर्धा. सुताराला का बोलावलं नाही लवकर? सहा. मला आजवर कळलं नाही. लोक विचारतील म्हणून असेल. मग ऑफिसला परत केली तिला — मूल हट्टी आहे, वस्तूंची नासधूस करतं, असं लिहून. तिला अजून वाटतं, चूक तिचीच होती. पेन्सिलीचे तिनं मोडून सात तुकडे केले होते. किती वर्षांची आहे, तितके तुकडे.

सात.

आवाज मऊ आहे हो तुमचा. मघाशी दुकानात आलात ना, तेव्हाच मनात आलं होतं, किती शांत माणूस आहे. मी माणसं ओळखण्यात कच्चाच. कुलूप दाखवा, सांगतो.

पण तुम्हाला काय बोलू मी? मला ऑफिसातल्या बाईंनी विचारलं होतं. समोर बसवून, चहा देऊन विचारलं — आधीच्या घराबद्दल काही बोलते का ती? मी म्हटलं, नाही. काही नाही बोलत. खोटं बोललो. कोणीतरी मला सांगितलं होतं, की चौकशी लागली तर मूल पुन्हा ऑफिसच्या ताब्यात जातं, वर्ष-वर्ष निकाल लागत नाही. आणि म्हातारीचा जीव इतका जडला होता हो तिच्यावर. माझाही. म्हटलं, झालं ते झालं, आता ती आपल्याकडे आहे ना. दाराला कडी नाही, काळजी मिटली. ती बाई कशासाठी विचारत होती, हे मला तेव्हा समजलंच नाही. मला वाटलं, खारूताईसाठी विचारतेय. ती पुढच्या पोरासाठी विचारत होती. आज इतक्या वर्षांनी डोक्यात उजेड पडतोय, तुमच्या ह्या झाकणातून.

म्हातारीला सुद्धा नाही सांगितलं. ती तशीच गेली. आणि पोरीला तर नाहीच. तिला वाटतं, बाबांनी आपल्यासाठी घरच्या कड्या काढल्या. देवमाणूस म्हणते मला.

नाही, कुलूप मिळणार नाही. मोडकं म्हणून द्या? मोडकं पण नाही. तुम्ही दुसरं घ्याल, ठाऊक आहे, बाजारात कुलपांना तोटा नाही. म्हणून तर वही मांडीखाली घेतलीय मी. तुम्ही तिसरा तुकडा बघितलात ना, तेव्हाच घेतली. ओढू नका. ओढू नका हो, म्हातारा आहे मी, पण पन्नास वर्षं कानस चालवलीय ह्या मनगटांनी. आणि पलीकडे चांभार बसलाय, एक हाक मारली तर — हां. बसा. नाही, बसू नका, उभेच राहा.

पत्ता तुमच्या अक्षरात आहे. मला वाचता येत नाही, हे खरं. तिला येतं. बांधणीच्या कारखान्यात आहे ती, पुस्तकं शिवते, रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येते माझा. आज ती वही उघडेल आणि मी तिला विचारेन, काय लिहिलंय वाच. ती विचारेल, का बाबा? मग मला सांगावं लागेल. फडक्यावरचं हे दाखवावं लागेल. आणि ते दुसरंही — बाईंनी विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, ते. मग ती मला काय म्हणेल, ठाऊक नाही. डबा ठेवून निघूनही जाईल. जाऊ दे. पण आधी ऑफिसात जाऊ आम्ही, मग जाऊ दे.

ती सहा वर्षांची — नाव काय तिचं? राहू द्या. तुमच्या तोंडून नको.

बघा, भोंगा झाला. कोपऱ्यावरून येईल आता, निळी ओढणी, डबा उजव्या हातात. तुम्ही मागच्या बाजूनं जा, त्या पिंपांमधून वाट आहे. तिच्यासमोर नको. धावू नका, धावलात की लोक बघतात. आणि माझ्या स्टुलाला लाथ मारू नका, आधीच एका पायानं आखूड आहे ते.

जा म्हटलं ना. दुकान बंद.

ये गं. नाही, कोणी नाही, गिऱ्हाईक होतं. डबा ठेव बाजूला. नाही, नंतर जेवतो. आधी बस इथं — फडक्याला हात लावू नकोस, थांब, मी सांगतो — खारू, थांब —