मारुतीअण्णांच्या पाटीस परवानगी मिळणेबाबत

संदर्भाधीन विषय असा, की उंब्रजचे कापडदुकानदार मारुतीअण्णा यांना दुकानावर पाटी लावण्यास परवानगी हवी आहे.

चहा निवू देऊ नका, सांगतो. आणे जाऊन नवे पैसे नुकते रुळत होते. अण्णांच्या दुकानावर बारा महिने ‘भव्य सूट’ असे. मग हुकूम आला: सूट जाहीर करायची तर आधीची खरी किंमत शेजारी लिहा आणि पाटीला परवानगी घ्या. तालुका कचेरीतून तपासणीला मी गेलो.

अण्णा म्हणाले, “सायेब, पाटी उतरली तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातंय बघा.”

लुगडी चाळणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, “आवं अण्णा, माझं लगीन झाल्यापासनं सूटच हाय. पुऱ्या भावानं कुणी घेतलंय का कवा?”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाटी बदलली: ‘सूट नाही. हाच भाव.’

बाजारादिवशी हौसाबाई चार शेजारणी घेऊन हजर. “हितंच घ्या गं, अण्णा खरं बोलाय लागल्यात.” दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

अण्णांनी नव्या पाटीसाठीही रीतसर अर्ज केला. आमच्याकडे सूट देणाऱ्यांसाठी छापील नमुना होता, न देणाऱ्यांसाठी नव्हता. मी मार्गदर्शनासाठी प्रकरण साताऱ्याच्या जिल्हा कचेरीला पाठवलं आणि यथावकाश निवृत्त झालो.

दुकान उत्तम चालू आहे. अर्ज प्रलंबित आहे.