आधी नाव, मग हात

नमस्कार. भिसेगावच्या या सभागृहात आज इतकी माणसं आलीत, आणि त्यातली बरीचशी तिच्या देखरेखीखाली बरी होऊन घरी गेलेली. मला बोलायला उभं केलंय, पण भाषणाची सवय नाही. सांभाळून घ्या.

तुमच्या त्या शोभा सिस्टर. माझी शाळेतली शोभा. कॉन्व्हेंटमध्ये एकाच बाकावर बसायचो आम्ही. सकाळच्या प्रार्थनेत मला डुलकी लागली की ती कानाशी हळूच म्हणायची, "मीना, चिमटा काढते हं." आणि मग काढायची.

पुढे ती अतिदक्षता विभागात सिस्टर झाली. माझे यजमान दिलीप, हे काय, पुढेच बसलेत. त्यांना मेंदूज्वर झाला तेव्हा तिथेच नेलं. अंगात ताप, मान ताठ, झटके, शुद्ध नाही. डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. पण पाठीतलं पाणी तपासायचं म्हटल्यावर माझे खालापूरचे दीर आडवे आले. "पाठीत सुई नाय द्यायची. मानूस लुळा पडतो."

शोभा म्हणाली, "भाऊजी, औषध चालू केलंय. पण कुठल्या जंतूशी भांडतोय ते कळायला नको? लुळे पडले तर मला धरा. आत्ता वाट सोडा."

दिरांनी वाट सोडली. मग ती ह्यांच्या कानाशी वाकली. "दिलीपराव, कुशीवर वळवते हं. पाठीला जरा टोचेल."

प्रत्येक वेळी असंच. चादर बदलताना, नळी साफ करताना. आधी नाव, मग हात. मी विचारलं, "ऐकू येतं का गं त्यांना?"

"माहीत नाही. पण येत असेल, आणि आपण मुक्यानेच हात लावला, तर किती घाबरेल गं माणूस?"

गेल्या महिन्यात तिच्याच मेंदूला सूज आली. तोच विभाग. तिनेच शिकवलेल्या मुली. औषधं वेळेवर दिली, तपासण्या झाल्या, काही म्हणता काही राहिलं नाही. तरी ती उठली नाही. मी रोज म्हणायचे, "शोभा, केस विंचरते हं."

तिला ऐकू आलं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण शेवटपर्यंत तिला न सांगता कुणी हात लावला नाही.

आता आपण सगळे उभे राहूया.

शोभा, आम्ही जरा वेळ गप्प राहतोय हं. घाबरू नकोस.