उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले पाणी खात्याचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती चावीवाले भाऊ, तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती, म्हणजे आपल्या वहिनी, आणि खुर्ची न मिळाल्याने भिंतीला टेकून उभे असलेले वॉर्डातले सर्व नागरिक बंधुभगिनींनो,

मला दोन मिनिटं दिली आहेत. मी चष्मेवाला. गिऱ्हाइकाकडून नुसती खालची ओळ वाचून घ्यायला मला दोन मिनिटं लागतात. तेव्हा साहेबांनी कृपया घड्याळाकडे बघू नये.

भाऊंनी एकतीस वर्षं आपल्याला पाणी सोडलं. पहाटे साडेपाचला ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, चाळीस मिनिटांनी बंद करायचा. आपण त्यांना कधी नमस्कार केला का? पाणी आलं तर ते नळाला आलं, गेलं तर भाऊंनी घालवलं, अशी आपली समजूत.

आणि मी? गेल्या वर्षी मुलीने नवा फोन घेऊन दिला आणि मी पत्रकार झालो. तुंबलेल्या गटाराचा व्हिडिओ नेटवर टाकला, गटार उपसलं गेलं. बंद दिव्याचा टाकला, दिवा लागला. खोटं कशाला बोलू, माझी कॉलर ताठ झाली. लोक चष्म्याऐवजी तक्रारी घेऊन दुकानात यायला लागले. आमची ही म्हणायची, "मोरीतला नळ महिनाभर गळतोय, त्याची बातमी कधी लावताय?"

अशात उन्हाळ्यातल्या एका सकाळी मी दात घासत गॅलरीत उभा होतो. चार नंबर गल्लीची वेळ संपलेली, आणि भाऊ व्हॉल्व्हला चावी लावून ती डावीकडे फिरवताहेत. डावीकडे म्हणजे उघडायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ब्रश तोंडात धरून चित्रण केलं आणि वर लिहिलं, 'वेळ संपल्यावरही चार नंबरला पाणी का? जनतेचा सवाल.' संध्याकाळपर्यंत चार हजार लोकांनी पाहिलं. चार नंबरवाल्यांनीही पुढे पाठवलं. अहो, स्वतःच्या रिकाम्या बादल्या समोर दिसत असताना पाठवलं.

साहेबांनी तत्परतेने चौकशी लावली आणि भाऊंना घरी बसवलं. निवृत्तीला तीन महिने उरले होते. चौकशी चालू असताना निवृत्त झालं तर पेन्शन अडकतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला मी गेलोही नाही.

भाऊंच्या जागी बदली माणूस आला. बिचारा नवखा. त्याने काम शिकायला माझंच चित्रण पाहिलं. चार नंबरला पाणी सोडायचं म्हणून चावी डावीकडे फिरवली, पाणी आलं नाही, म्हणून आणखी जोर लावला. मग वेळ संपल्यावर बंद करायला उजवीकडे फिरवली. दिवसभर चार नंबरच्या टाक्या ओसंडून वाहिल्या, आणि वॉर्डाची मुख्य टाकी ठणठणीत कोरडी.

शेवटी बायकांनी जाऊन भाऊंना घरून बोलावून आणलं. मी फोन घेऊन खाली धावलो. विचारलं, "भाऊ, काय करताय?"

"बंद करतोय."

"पण डावीकडे?"

"हा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे. बसवला तेव्हापासून. विचारलं असतंत तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

मंडळी, मी जनतेला सवाल केला होता. ज्याला करायचा, तो माझ्या गॅलरीखाली वीस पायऱ्यांवर उभा होता. नागरिकाच्या हातात फोन आला, फार चांगलं झालं. पण त्या वीस पायऱ्या उतरायच्या कुणी?

मी भाऊंच्या या उत्तराचा व्हिडिओ खुलासा म्हणून टाकला. एकसष्ट जणांनी पाहिला, त्यात दोनदा मीच. ही म्हणाली, "आता जा घरोघरी." गेलो. दोनशे बारा घरं, एकोणीस दिवस. दार उघडलं की फोन पुढे धरायचा, "दीड मिनिट बघा." एक जण म्हणाला, "तुमच्यावर कुणाचा दबाव आलाय का?" एक आजी म्हणाल्या, "पहिला जास्त रंगला होता." साहेबांनी कार्यालयात पूर्ण पाहिला, आवाज बंद ठेवून पाहिला, पण पाहिला. गेल्या आठवड्यात चौकशी मिटली. भाऊ आज पेन्शनसह निवृत्त होताहेत, त्याबद्दल साहेबांचे मनापासून आभार.

आयोजकांचे आभार, माइकवाल्याचे आभार, तुम्ही ऐकून घेतलंत त्याबद्दल तुमचेही.

इथे वक्ता बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला म्हणतो आणि खाली बसतो. मला तसं बसता येत नाही. दोनशे बारा घरं फिरलो, पण भाऊंच्या दारावरून दोनदा परत आलो. चौकशीच्या दिवसांत वाण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर वहिनींना कुणीतरी विचारलं होतं, "चार नंबरवाले काय देतात हो तुम्हाला?" तेव्हापासून वहिनी सामानाला दोन गल्ल्या लांब जातात. भाऊंनी मला कधीच माफ केलं. वहिनी, तुम्हाला मी अजून विचारलेलंच नाही. मी व्यासपीठावरून खाली येतो आहे.