अर्धा तास तोंडात काही नको

...आणि वर मलाच विचारतात, ‘बोलत का न्हाईस गं?’ तुम्हाला सांगते, बोलायला जागा ठेवली का या घरच्यांनी? माझं काय बिघडलंय? कुकरची शिट्टी झाली की माझे हात कानावर जातात, ताटात वरण भाजीला शिवलेलं चालत नाही, लग्नात मी माणसं सोडून मांडवाच्या गाठी बघत बसते... बस्स! एवढ्यावर आजीनं, सिद्धम्मानं, ठरवून टाकलं, ‘ही माणसात राहणारी न्हाई, धाव्वीनंतर परभणीला शिकायला धाडायची न्हाई!’

त्यात आमच्या झरी गावात संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. घरोघरी सांगायच्या, ‘आजारी कुणी नाही हो! असे स्वभाव थोडेथोडे सगळ्यांतच असतात, काहींत जास्त असले की ऑटिझम म्हणतात. ते वारशानं किती येतं, हे हजारो साध्या घरांत शोधायचंय. या नळीत थुंकी द्या. फक्त आधी अर्धा तास तोंडात काही नको.’

आजीला तर हेच पाहिजे होतं! ‘थुंका रे सगळे! निघू द्या कुणाकडून आलंय. पूर्णेचंच असणार, हिच्या आईच्या माहेरचं!’

आई कशाला ऐकती? ‘आमचा दादा रेल्वेगाड्यांचे नंबर पाठ म्हणतो, ती हुशारी हाय, आत्याबाई! मामंजींचं बघा की, बशी बोटभर सरकली तर चहाला शिवत न्हाईत!’

‘ती शिस्त हाय!’ आजोबा गरजले.

ऐकलंत? मामाची हुशारी, आजोबांची शिस्त, आणि माझा तेवढा दोष? माझं काय बिघडलंय?

बरं, अर्धा तास बसायचं... पण दारात आलेली पाहुणी चहाशिवाय बसलेली आजीला बघवंल का? टाकला चहा! पाहुणीला एकटीला कसा द्यायचा, म्हणून सगळ्यांनी घेतला. मॅडम म्हणाल्या, ‘अहो, आता पुन्हा अर्धा तास!’ ‘बसा की निवांत,’ म्हणत आजीनं पुन्हा आधण ठेवलं... सांजच्यापर्यंत हेच! नळी भरली ती एकटीची, माझी. सांगितलं तेवढं ऐकलं मी, काय बिघडलं माझं?

तर आजीनं काय म्हणावं? ‘बघा, चारचौघांत बसून घोटभर चहा घेईना, ही परभणीला काय राहती!’

‘राहती!’ मी ओरडले. खरंच, मी! आणि सतरंजीवर असा हात आपटला, की आजोबांची भरलेली बशी बोटभर सरकली. त्यांनी चहावरून तोंड फिरवलं. मॅडमना केवढा आनंद! ‘आजोबा, असंच थांबा, अर्धाच तास!’

आणि आजी? ‘उपाशी बसवलं गं माझ्या माणसाला,’ म्हणत उठली... नवा चहा टाकायला.