साहेबांचा रुमाल

चैत्र वद्य अष्टमी, सकाळपासून धुळीचा वारा. दुष्काळाचं वर्ष होतं ते. लातूर नुकताच जिल्हा झालेला आणि नव्या कचेरीच्या खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. आमच्या कापसाच्या जिनिंगमधले गणपतमामा कान गेल्याची भरपाई मागायला कामगार खात्याच्या साहेबांपुढं उभे होते, मी साक्षीदार.

यंत्रांच्या आवाजात आम्ही सगळे एकमेकांचे ओठ बघूनच बोलायचो. म्हणून मी आधीच बजावलं होतं, "मामा, साहेबाच्या तोंडाकडं बघू नका."

"मान खाली घालू? चोरी केली हाय का म्या?"

साहेबांनी नाव, गाव, काम विचारलं. मामांनी सगळी उत्तरं खणखणीत दिली.

मालकाचे वकील हसले. "साहेब, ह्यांना माझ्यापेक्षा बरं ऐकू येतंय!"

तेवढ्यात खिडकीतून वावटळ आत आली. साहेबांनी नाकातोंडावर रुमाल धरला आणि विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मामा गप्प. साहेबांनी मोठ्यानं विचारलं. तरी गप्पच. मग मामा माझ्याकडं वळले, "बाबू, साहेब काही इचारायलेत का?"

साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि हळूच म्हणाले, "गाव कोणतं?"

"औसा, साहेब."

रुमाल पुन्हा तोंडावर धरून ते ओरडले, "गाव कोणतं?"

मामा नुसते बघत राहिले.

दावा मंजूर झाला.