नानकटाईचा पत्रा

औंढ्याला आमच्या घरी ओव्हन आला, त्या दिवाळीची गोष्ट सांगतो. आईनं नानकटाया आत सारल्या अन् जरा वेळानं पडद्यावर ‘ई ३’ लागलं. ओव्हन काही तापेना. मी मेकॅनिकला फोन लावला.

“गरमी बाहेर जाऊन राहिली, साहेब. दार बराबर लागलं का?”

बघतो तर दाराला बोटभर फट! आत जुना काळा पत्रा, अन् त्याची कड बाहेर.

पूर्वी दिवाळीला गावातले सगळेजण पीठ, तूप, साखर घेऊन नानकटाया भाजायला करीमचाचांच्या भट्टीवर जायचे. पत्र्यांची अदलाबदल नको म्हणून चाचा प्रत्येकाचं नाव खिळ्यानं कोरायचे. भट्टी बंद झाली तेव्हा त्यांनी ज्याचा त्याला पत्रा घरी आणून दिला.

मी म्हणलं, “आई, ओव्हनसोबतचा नवा पत्रा घे ना.”

“त्याच्यावर नाव हाय का कोणाचं?”

मी पत्रा ओढला. कोपऱ्यात, काजळीखाली, माझ्या गेलेल्या वडिलांचं नाव होतं.

मेकॅनिक फोनवरच होता. “साहेब, सापडला का बिघाड?”

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. “व्हय, भाऊ. ओव्हन ल्हान हाय.”